आई रोह्याला गेली तो हिवाळा

आमच्या घरात कुकर नव्हता. आळीत सगळ्यांकडे आले, तरी आमच्याकडे भात पातेल्यातच शिजायचा, कारण शिट्टी वाजली की बेबी दोन्ही कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची. शेजारच्या कमलकाकी कुकर चढवण्याआधी आपल्या दारातून हाक द्यायच्या, "लावतंय गो," आणि आई हातातलं काम टाकून बेबीला मागच्या पडवीत घेऊन जायची. तिथे तिच्या कानांवर स्वतःचे तळवे दाबून शिट्ट्या संपेपर्यंत उभी राहायची. आईचे हात बहुतेक वेळा पापडाच्या पिठाचे असत. त्यामुळे बेबीच्या गालांवर आणि केसांत पांढरे ठसे उठायचे, आणि शेजारी आज डाळ शिजली की नाही, किती वेळ शिजली, हे मला शाळेतून आल्यावर बेबीच्या चेहऱ्यावरून कळायचं.

बेबी माझी धाकटी बहीण. ठेवलेलं नाव सुनंदा, पण शाळेत ती कधी गेली नाही म्हणून ते नाव कोणी हाक मारायला वापरलंच नाही. तिला मोजके आवाज येत. 'पे' म्हणजे पेज. 'आ' म्हणजे आई, आमचे वडील आबा किंवा मी, जो समोर असेल तो. बाकी वेळ ती ओठ मिटून एकच सूर काढत बसायची, मधमाशी खोलीत अडकल्यासारखा. तिला मऊ भात लागायचा, तोही ना गरम ना गार. कोणी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर ती किंचाळायची, पण आळीच्या टोकाला पोह्यांची गिरण होती, तिच्या भिंतीला दोन्ही हात आणि गाल लावून ती तासन्‌तास उभी राहू शकायची. आत पट्टा धडधडायचा आणि भिंत थरथरायची. त्या थरथरीत तिला काय मिळायचं कोण जाणे. आज अशा मुलांना काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. तेव्हा पेणमध्ये तिला 'वेडी बेबी' म्हणत, आणि ज्यांना माया होती ते 'साधी बेबी' म्हणत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला एकदाच नेलं होतं. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, आणि ही अशीच राहणार, सांभाळा, असं सांगून पुढचा पेशंट बोलावला. सांभाळणाऱ्या बाईकडे त्यांनी बघितलंही नाही, असं आबा पुढे म्हणायचे.

आबा मूळचे खाडीकडचे. लहानपणी मिठागरात राबलेले, नंतर धरमतरच्या जेटीवर बार्ज भरण्या-उतरवण्याच्या कामाला लागले. आमच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण आबांचं घड्याळ खाडीत होतं. भरती असेल तेव्हा बार्ज लागणार, बार्ज लागली की ड्युटी, मग सकाळ असो की मध्यरात्र. घरी आले की अंगावर जेटीची धूळ आणि डोळ्यांत झोप. ते वाईट नव्हते. बाजारातून आईला आवडणारी जिताडा माशाची तुकडी आणायचे, बेबीसाठी मऊ केळी आणायचे, मला वह्या आणायचे. पण बेबीचं सगळं आईचं, हे त्या घरात कोणी न ठरवता ठरलेलं होतं. जेवण भरवणं, धुणं, अंगाला लागलं तर हळद लावणं आणि रात्री जागणं. बेबीची झोप मांजराची. केव्हाही उठून कडी काढून बाहेर जायची. म्हणून आई रात्री आपल्या पदराचं टोक बेबीच्या मनगटाला बांधायची. बेबी हलली की पदराला ओढ बसायची आणि आई जागी व्हायची. मी झोपेत कूस बदलली की मला त्या दोघी दिसायच्या, एका लुगड्यात बांधलेल्या.

आणि तरीही त्या घराची आठवण आली की मला आधी वास येतो, हिंगाचा आणि मिरचीचा. थंडी सुरू झाली की पोह्याचे पापड लाटायचे दिवस. गिरणीतून दळून आणलेल्या पोह्यांचं पीठ, त्यात पापडखार, हिंग आणि तिखट. मग तो गोळा तेलाचा हात लावून मुसळाने कुटायचा. आई कुटायला बसली की कपाळावर घामाचे थेंब यायचे आणि बांगड्या एका लयीत वाजायच्या. पाच-सहा बायका कमलकाकींच्या ओटीवर लाटायला जमायच्या, पण आई आपलं पोळपाट घेऊन घरीच बसायची, बेबीमुळे. तरी आमच्या दोन घरांमधल्या कुडावरून सगळं ऐकू यायचं, आणि आई इकडून तिकडच्या गप्पांत सामील व्हायची. आईच्या जिभेला धार होती. कोणाच्या सासूची, कोणाच्या जावयाची नक्कल ती अशी करायची की कुडापलीकडच्या बायकांची लाटणी थांबायची. मी शाळेतून आले की ती एक लाटी तेलात बुडवून माझ्या हातावर ठेवायची. कच्ची, तिखट, दाताला चिकटणारी. तशी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही, आणि मी पेण सोडून कुठे गेलेलीही नाही.

मी नववीत होते त्या हिवाळ्यात आई कुडावरून बोलेनाशी झाली. एका दिवसात नाही. आधी नकला थांबल्या. मग पलीकडून कोणी विचारलं तर "व्हय" आणि "नाय" एवढंच. मग पापड बिघडायला लागले. आईचा पापड म्हणजे कडेपासून मधापर्यंत एका जाडीचा, उजेडात धरला तर बोटं दिसावीत असा. आता एका बाजूला कातडीसारखा जाड, दुसरीकडे फाटलेला. पुष्कळदा ती लाटणं हातात धरून नुसतीच बसलेली असायची. वाल सोलायला घेतले तर सालं ताटात आणि डाळिंब्या केरात जायच्या. वेणी घालायची राहायची. रडत मात्र नव्हती. रडली असती तर कमलकाकींनी जवळ घेतलं असतं, मी घेतलं असतं. ती भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि बेबीने ओढलं की उठायची, भरवायची, धुवायची, परत बसायची. एकदा मी विचारलं, "आई, काय होतं गो तुला?" ती म्हणाली, "डोक्यात चिखल भरलाय. खाडीचा असतो ना, तसा. पाय टाकला की आत जातो."

कमलकाकी म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, भगताकडे न्या. आबा म्हणाले, दमली असेल, शिमग्याला नवीन लुगडं आणू. दोघांनाही तिची काळजी होती, हे मी खरं सांगते. पण काळजी करायची तर कसली, हेच कोणाला कळत नव्हतं. ताप असता तर हात लावून बघितला असता.

त्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती. अंगणात जुन्या धोतरावर आदल्या दिवशीचे पापड वाळत घातले होते. बेबी गिरणीकडे जायला निघाली ती सरळ त्यांच्यावरूनच गेली, मग त्यांचा कुरकुर आवाज आवडला म्हणून वळून पुन्हा गेली, आणि पुन्हा. मी धावत जाऊन तिला धरलं. आई दारात उभी राहून बघत होती. ती ओरडली नाही. घागरीतून पाणी घेऊन तिने हात धुतले, कोपरापर्यंत स्वच्छ धुतले, पदराला पुसले, आणि चपला पायात सरकवल्या. "बेबीला भरव. पेज निवली आसंल," ती म्हणाली. "मी येतंय जरा." कुठे, ते मी विचारलं नाही. आई कुठे जातच नसे, त्यामुळे कुठे जातेस, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला सवयीचाच नव्हता.

दुपार कलली. बेबी दोनदा दारात जाऊन 'आ' म्हणून आली. मी कमलकाकींना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता आपल्या मोठ्या मुलाला देवळामागच्या विहिरीकडे पाठवलं. गिरणीतली माणसं सायकली घेऊन खाडीच्या रस्त्याला लागली. सगळे पाण्याच्याच दिशेने जाताहेत, एवढं कळायला मी मोठी होते. माझ्या हातात बेबीची वाटी होती आणि ती खाली ठेवायची मला भीती वाटत होती, का ते आजही सांगता येणार नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला आबा आले. कोणीतरी जेटीवर सांगावा धाडला होता. ते ओटीवर उभे राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बेबी जेवली?" मी हो म्हटलं. "तू?" तेवढ्यात गिरणीचा कारकून धापा टाकत आला. आळीत फोन फक्त गिरणीत होता. रोह्याहून मावशीच्या यजमानांनी फोन केला होता. निरोप एवढाच, लक्ष्मी आमच्याकडे आहे, झोपली आहे, काळजी करू नये.

आबा खांबाला धरून खाली बसले. "झोपली हाय," ते म्हणाले. मग जमलेल्या माणसांकडे एकेकाकडे बघत तेच परत म्हणाले, जणू प्रत्येकाला वेगळं सांगायला हवं होतं. "झोपली हाय ती."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिला आणायला निघालो. बेबी पहिल्यांदाच रेल्वेत बसली. मला वाटलं होतं ती गाडी डोक्यावर घेईल, पण खिडकीच्या गजांना गाल लावून ती आपला सूर काढत राहिली. गाडीची थरथर गिरणीच्या भिंतीसारखीच असणार. कासू आलं, नागोठणं आलं, दोन्हीकडे कापलेल्या भाताच्या खाचरांत वालाचे हिरवे पट्टे दिसू लागले. आबा एकदाच बोलले. "तिला काय बोलायचं नाय हां," ते म्हणाले. "नुसतं घरी चल म्हणायचं."

मालूमावशी ही आईची थोरली बहीण. रोह्यात उतरून, बाजार मागे टाकून, कुंडलिकेचा पूल ओलांडून गेलं की तिचं घर. घराच्या मागे वालाची शेती थेट नदीपर्यंत. मावशी उंच, हाडापेराची, बोलायला रोखठोक. आम्हाला बघून तिने पाणी आणलं, बेबीला लांबूनच "ये गो बाय" म्हटलं, हात लावला नाही. तिच्या लक्षात होतं. मग आबांसमोर जमिनीवर बसली.

"आलाव ते बरं केलंत, भावोजी," ती म्हणाली. "पण आज ती येणार नाय."

"आक्का, मी भांडायला नाय आलो."

"मी कुठं म्हणते भांडताय? ती काल आली ती चपला घालूनच आडवी झाली. चपला मी काढल्या पायातल्या. अजून उठली नाय. मधे एकदा पाणी प्याली नि विचारलं, बेबीचा हात कुठाय? पदर चाचपत होती."

आबा हळूच म्हणाले, "बेबीला तिच्याबिगर कोण बघणार? माझी ड्युटी तुम्हाला ठाऊक हाय."

"बेबी तुमचीबी हाय ना?"

हे मावशी रागाने म्हणाली नाही. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं तिने विचारलं. बेबी तेव्हा आबांच्या सदऱ्याचं बटण पिळत होती. आबांनी तिच्याकडे बघितलं. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. "व्हय," ते म्हणाले. "माझीबी हाय."

"लग्नानंतर ती माहेरपणाला म्हणून कधी आली सांगा. आमची आई गेली तेव्हा आली, ती दिवसकार्य करून गेली. आता मी तिला ठेवून घेणार. डॉक्टरला दाखवणार. बरी झाली की मीच आणून सोडेन. नाय झाली तर नाय सोडणार."

आतल्या खोलीच्या दारातून मला आई दिसली. उघड्या तोंडाने, एक हात खाटेबाहेर टाकून झोपली होती. मी तिला तशी झोपलेली कधी बघितली नव्हती. माझ्या मनात राग होता, रोह्यापर्यंत मी तो सांभाळून आणला होता, पण त्या झोपेसमोर तो कुठे ठेवावा कळेना. आम्ही तिला न उठवता परतलो.

तिने त्या दिवशी काय केलं होतं, ते मला पुढे खूप वर्षांनी कळलं, माझं लग्न होऊन मला मूल झाल्यावर. आम्ही दोघी त्याच गाडीने रोह्याला चाललो होतो. कासू स्टेशन आलं तेव्हा आई म्हणाली, "त्या दिवशी मी इथं उतरले होते." मी विचारलं, "कासूला? कशाला?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. "उतरले नि रुळाच्या कडेनं चालत गेले बराच लांब. मग एक बाई आली, डोक्यावर लाकडाचा भारा. म्हणाली, गो बाय, भारा उतरायला हात दे, मान मोडली. मी हात दिला. बसलो दोघी. तिनं विचारलं, कुठली? मी म्हटलं, माहेर रोह्याला. ती म्हणाली, मग चाललीस उलट्या अंगाला. तिनं मला ठेसनात आणून बसवलं. गाडी येईतोवर बसून राहिली माझ्यासंगती." गाडी सुटली तेव्हा आई म्हणाली, "तिचं नावबी विचारलं नाय मी." यापलीकडे ती त्याबद्दल कधी बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

पेणला परत आल्यावर आबांनी कामावर रजा टाकली. त्या दिवसांचं वर्णन ऐकताना माझ्या मुलांना हसू येतं, आणि आता मलाही येतं. आबांना स्वयंपाक यायचा, पण तो मिठागरातल्या पुरुषांचा. सुकट, जवळा अशी सुकी मासळी, लाल भडक कालवण. बेबीने पहिला घास त्यांच्या सदऱ्यावर थुंकला. मग ते माझ्याकडून पेज शिकले, करंगळी बुडवून ती किती ऊन आहे ते बघायला शिकले. कमलकाकींची "लावतंय गो" अशी हाक आली की जाडजूड हातांनी बेबीचे कान झाकून पडवीत उभे राहू लागले. रात्री त्यांनी आपल्या धोतराचं टोक तिच्या मनगटाला बांधलं. पहिल्या रात्री ते झोपलेच नाहीत. पुढे पुढे त्यांचे डोळे खोल गेले. आणि मग एका दुपारी ते ओटीवर बसल्या बसल्या झोपले आणि बेबी निघून गेली. ती गिरणीच्या भिंतीशीच सापडली, पण तोवर आबा अनवाणी सगळी आळी धावले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी जे केलं ते आळीतल्या कुठल्या पुरुषाने केल्याचं मी तोवर बघितलं नव्हतं. कमलकाकींच्या ओटीवर बायका लाटत बसल्या होत्या. आबा समोर जाऊन उभे राहिले. बायकांनी पदर सारखे केले. आबा म्हणाले, "मला एकट्याला नाय जमत. एका माणसाचं काम नाय हे. लक्ष्मीनं इतकी वर्सं केलं, म्हणून ती तिकडं आडवी झाली." मग त्यांनी पोळपाटांकडे बोट केलं. "तुम्ही पापड आमच्या ओटीवर लाटाल काय? म्हणजे चार डोळे तरी ऱ्हातील पोरीवर."

कमलकाकींनी आपलं पोळपाट उचललं. "चला गो," त्या बायकांना म्हणाल्या, "तसंबी ह्यांच्या ओटीवर वारा बरा हाय."

दुसऱ्या दिवसापासून आमची ओटी बायकांनी भरली. बेबी आधी घाबरून कोपऱ्यात बसली, दोन दिवस कोणाकडे फिरकली नाही. मग सहा लाटण्यांच्या धडधडीने जमीन थरथरते, हे तिला कळलं. ती मधे येऊन पालथी झोपली, जमिनीला कान लावून. बायका तिच्याभोवती गोल करून लाटत राहिल्या. ती गिरणीकडे पुन्हा गेलीच नाही असं नाही. जायची, पण आता कोणीतरी तिच्या मागोमाग उठायचं, आणि ते कोणीतरी नेहमी एकच माणूस नसायचं.

रविवारी आबा मला रोह्याला पाठवायचे. मावशीने आईला बाजारातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. त्यांनी, मावशी सांगते, आधी नाडी बघितली नाही, की जीभ बघितली नाही. खुर्ची जवळ ओढून विचारलं, तुमचा दिवस कसा जातो, सकाळपासून सांगा. आई सांगत गेली आणि सांगता सांगता रडायला लागली, किती महिन्यांनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, याला नाव आहे, औषध आहे. तुम्ही वेड्या नाही आणि वाईट आईही नाही. अलिबागला मनाच्या आजाराचे डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे चिठ्ठी दिली. आई गोळ्या घेऊ लागली. पहिले आठवडे तिला नुसती गुंगी यायची, आणि मी गेले की माझा हात धरून बसायची, बोलायची नाही. मला वाटायचं, हे असंच राहणार.

मग पोपटीचे दिवस आले. आमच्या भागात हे सांगायला लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, कांदे, वांगी मडक्यात भरायची, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड गच्च बंद करायचं, मडकं शेतात उलटं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. त्या रविवारी आबा आणि बेबीही माझ्याबरोबर आले. दुपारचं ऊन उतरत होतं, नदीवरून गार वारा येत होता. मावशीच्या यजमानांनी मडकं फोडलं आणि भांबुर्डीचा तो कडवट-गोड वास शेतभर पसरला. सगळे केळीच्या पानांभोवती बसले. बेबी आईपासून हातभर अंतरावर बसली होती. आल्यापासून ती आईकडे बघत नव्हती, आणि आईही तिला बोलवायचं धाडस करत नव्हती. आईने एक शेंग उचलली, फुंकर घातली, सोलून दाणे तळहातावर घेतले आणि हात तसाच पुढे धरून राहिली. बेबीने बराच वेळ घेतला. मग वाकून तिने थेट तोंडाने आईच्या हातावरचे दाणे खाल्ले.

आई हसली. आबांकडे बघून म्हणाली, "काय बारीक केलंत पोरीला. काय घालत होतात, जवळा?"

"थुंकली गो ती माझ्या अंगावर," आबा म्हणाले.

"मी असते तरी थुंकले असते," आई म्हणाली, आणि आबा घास भरवताना कसं तोंड करत असतील त्याची तिने नक्कल केली. मावशीचे यजमान, मावशी, मी, सगळे हसलो. आबा मात्र उठून नदीकडे गेले, तोंड धुवायला म्हणून, आणि बराच वेळ आले नाहीत.

शिमग्याआधी मावशीने आईला आणून सोडलं, सांगितल्याप्रमाणे. सगळं बरं झालं, असं मी लिहिणार नाही. गोळ्या काही वर्षं चालल्या. पुढे दोनदा तो चिखल परत आला, एकदा माझ्या लग्नानंतर आणि एकदा आबा गेल्यावर, पण तेव्हा आम्हाला त्याचं नाव माहीत होतं आणि आईलाही. ती स्वतःच म्हणायची, "पाय आत चाललाय गो माझा, डॉक्टरकडे ने." आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बेबी माझ्याकडे असते, केस पांढरे झालेत तिचे, मऊ भात अजून तसाच लागतो. पेणमध्ये अशा मुलांच्या आया महिन्यातून एकदा जमतात. मी बहीण असूनही जाते. मागच्या खेपेला एक तरुण मुलगी बोलता बोलता थांबली आणि खाली बघत म्हणाली, "मावशी, कधी कधी वाटतं, सगळं टाकून निघून जावं." मी म्हटलं, "तुला जाऊन बसायला कोणी आहे का?" ती म्हणाली, बहीण आहे पनवेलला. "मग या शनिवारी जा," मी म्हटलं, "आणि घरच्यांना सांगून जा." तिला पटवण्यासाठी मला हे सगळं सांगावं लागलं, आणि सांगितल्यावर वाटलं, लिहून ठेवावं.

त्या वर्षी आई रोह्याहून परत आली, त्यानंतर महिनाभराने आबांनी जेवताना विषय काढला. शनिवारी जेटीवर सुट्टी घेतली आहे, ते म्हणाले, लक्ष्मीने रोह्याला जाऊन यावं. आई म्हणाली, आत्ताच तर आले. आबा म्हणाले, "तवा आजारी म्हणून गेलीस. आता बरी म्हणून जा. दर महिन्याला जायचं." आई नको नको म्हणत राहिली, पण शनिवारी सकाळी आबांनी स्वतः तिकीट काढून आणलं होतं.

आम्ही चौघं स्टेशनात गेलो. आईने नीट वेणी घातली होती, मावशीसाठी पापडांची पुडी घेतली होती. गाडी येईपर्यंत तिचं सांगणं चालूच होतं. पेज निववून द्या. दुपारी कमलकाकींच्या कुकराकडे लक्ष ठेवा. रात्री पदर, म्हणजे धोतर, घट्ट बांधू नका, वळ उठतो. आबा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते, आणि ते सगळं त्यांना आता माहीत होतं, हे आईलाही माहीत होतं. गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली. बेबीने 'आ' म्हटलं. आईचा चेहरा बदलला, आणि क्षणभर मला वाटलं, ही उतरणार.

"बस गो," आबा खालून म्हणाले. "मी हाय ना."

गाडी हलली. आम्ही बघत राहिलो. आईची खिडकी पुढे गेली, फलाटाच्या टोकापर्यंत गेली, सिग्नलच्या पलीकडे गेली. आबा हात डोळ्यांवर धरून बघत होते. गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे वळले.

"मागं बघितलं नाय तिनं," ते म्हणाले. मग बेबीला हळूच पुढे करत, घराच्या वाटेला लागताना, स्वतःशीच म्हणाले, "बरं झालं."